प्रज्ञा अजून किती वाढेल

१२ सप्टें., शुक्र.
सकाळी व्होल्टेज पडलं, एक्स-रे मशीन दोनदा बंद. जिंतूरला पावसात हे नेहमीचंच. दुपारनंतर सुरळीत.

चारच्या सुमाराला आमच्या येलदरी कॅम्पातली प्रज्ञा आली. पंधरावं चालू आहे. बास्केटबॉल खेळताना उजव्या हातावर पडली. एका मनगटाबरोबर तीन माणसं: शाळेतले खेळाचे कदम सर, पॉवरहाऊसमधून रिटायर झालेले गायकवाड काका, आणि धरणावर मासे धरणारे रशीदभाई. काका नि रशीदभाई रोज संध्याकाळी कोर्टाच्या कडेला पडलेल्या लोखंडी पाइपवर बसून तिचा खेळ बघतात आणि भांडतात. आज तेच भांडण दवाखान्याच्या बाकावर.

काका आत घुसायला लागले. दारावरचा लाल दिवा दाखवला. "जन्म गेला माझा लाल दिवे बघण्यात," म्हणाले, पण थांबले.

फ्रॅक्चर नाही. मुका मार.

पण दुसरं एक दिसलं. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी काळी फट असते, हाड तिथून वाढतं. प्र.च्या बोटांतल्या फटी बुजल्यात. मनगटातली केसाएवढी उरलीय. म्हणजे उंची संपत आली.

हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर मॅडमनी 'फ्रॅक्चर नाही' लिहिलं. बाहेर काकांनी फोटो उजेडाकडं धरला, उलटा, आणि म्हणाले, "हाड बघा कसं हाय! अजून फूटभर वाढंल." रशीदभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मलाही. साखर फार.

१४ सप्टें., रवि.
संध्याकाळी मी कोर्टावर गेले. कारण नव्हतं.

काका: "बाप सहा फूट. आजा त्याच्याबी वर. पोरगी सहाच्या खाली थांबतीच कशी?"
रशीदभाई: "आवो, उंटबी उंच ऱ्हातो. त्याला कोन खेळायला बोलवतंय? पूरा गेम तिच्या डोक्यात हाय, अन् तुमी तिला रिंगीखाली खांबासारखी उभी करायलेत. बॉल द्या तिच्या हातात."
काका: "तू मासे धर."
कदम सर मधे पडले. नोव्हेंबरात परभणीला निवासी केंद्राची निवड चाचणी आहे. घेतलं तर राहणं, खाणं, शाळा, कोच, सगळं तिथलं. "ते लोक आधी उंची बघतात. आपल्याकडं तेवढंच नाणं हाय."

आज मोजणी होती. काका महिन्यातून एकदा तिला रिंगच्या खांबाला पाठ लावून उभी करतात आणि डोक्यावर ऑइलपेंटची रेघ मारतात. खांबावर शिडीच झालीय. आजची रेघ ऑगस्टच्या रेघेवर बसली. तंतोतंत.

सर म्हणाले, पडल्याचा ताण. रशीदभाई म्हणाले, दूध कमी. काका वाकून खांबाच्या बुडाशी बराच वेळ बघत राहिले. मग: "जमीन खचली. पावसानं माती गेली हितली. पोरगीच खाली गेली, मग रेघ कशी वर जाईल?"
तिघांचं एकमत. असं पहिल्यांदाच झालं म्हणतात.

प्र.च्या मनगटाला क्रेप बँडेज. डाव्या हातानं चेंडू आपटत होती, सुटत होता.

१६ सप्टें.
जेवणाच्या सुट्टीत डॉ. मॅडमना तो फोटो पुन्हा उघडून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.
"सेंटीमीटर, दीड सेंटीमीटर. फार झालं. का गं?"
म्हटलं, गाव सहा फुटांची वाट बघतंय.
"गावाचा रिपोर्ट मी लिहीत नाही. आई विचारायला आली तर सांगेन. आणि तू टेक्निशियन आहेस."
हो. मी फोटो काढते, वाचून दाखवत नाही. हा नियम मला आवडतो. आज नाही आवडला.

२१ सप्टें., रवि.
काल कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून मुरूम आला. सगळ्या कोर्टावर नाही, फक्त खांबाच्या बुडाशी. काकांनी स्वतः धुम्मसानं ठोकून बसवला, पाणी मारलं. आज पुन्हा मोजणी. रेघ बोटभर वर गेली.

पाय वर गेले की डोकं वर जातं. एवढंच झालं.

रशीदभाई गूळ-शेंगदाणे घेऊन आले, सगळ्यांना वाटले. काका म्हणाले, "बघ डॉक्टरीणबाई, माती खोटी होती, पोरगी न्हाई." मी डॉक्टर नाही हे त्यांना दर वेळी सांगते. आज सांगितलं नाही. शेंगदाणे घेतले.

प्र.नं रेघेकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. मग काकांकडं, आणि हसली. मोठी माणसं लहान मुलांकडं बघून हसतात तसं.

२४ सप्टें., बुध.
धरणाचे दरवाजे उघडलेत. घरात बसूनही पाण्याचा आवाज.

प्र. घरी आली. मनगट दाखवायचं निमित्त. माझी आई आत गेल्यावर म्हणाली,
"ताई, तुम्ही फोटोत बघितलं ना?"
"काय?"
"माझं संपलंय ते."
मी तिचं मनगट बघायला घेतलं. तेच उत्तर झालं.

तिला आधीच माहीत होतं. शाळेची पँट मागच्या वर्षीची, अजून तेवढीच येते. आईनं खाली दुमडून ठेवलेला कपडा उसवावाच लागला नाही. घरच्या दाराच्या चौकटीवर ती स्वतः पेन्सिलनं मोजते. "आमच्या दारात मुरूम न्हाई," म्हणाली.
"मग काकांना सांग."
"न्हाई. त्यांनी लय जीव लावलाय." थोडं थांबून: "माझ्यावर न्हाई ताई, उंचीवर. ती गेली तर काय राहील मग?"

 तिची मनगटाची पट्टी सैल झाली होती, ती सोडून पुन्हा बांधली. गरजेपेक्षा सावकाश.

खरा प्रश्न वेगळा आहे. 'अजून वाढेल' म्हणून केंद्रानं घेतली, रिंगीखाली उभी केली, आणि दोन वर्षांत तिच्याहून उंच मुली आल्या, तर परत. बाहेरून खेळणं तिला कुणी शिकवलंच नाही. टप्पे देत चेंडू पुढं आणणं, वाट काढणं, दुसऱ्याला देणं. तिला हे मी म्हणायच्या आधी कळलं होतं. मी फक्त म्हटलं, आईला घेऊन डॉ. मॅडमकडं ये. फोटो तुझा आहे.

२७ सप्टें.
आल्या दोघी. मॅडमनी नीट सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे यापुढं कपडे वाढत्या मापाचे शिवायला नकोत," म्हणाली. मॅडम हसल्या. प्र. खळखळून. माझ्या खोलीत पेशंट होता, तरी ऐकू आलं.

कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते प्र. ठरवणार. असं तिघींत ठरलं. चौघींत.

२८ सप्टें., रवि.
पाइपवर मी पहिल्यांदा बोलले. "हिला बाहेरून खेळवा. चेंडू हातात द्या."
रशीदभाई उभेच राहिले. "सुनो! मी काय म्हणत होतो?"
कदम सर: "मॅडम, कारण काय?"
"कारण नाही. मत आहे."
आयुष्यात पहिल्यांदा. पॉलिटेक्निकच्या टीममध्ये मी चेंडू आणायचे, पण ते इथं कुणाला माहीत नाही, आणि ते कारणही नव्हतं.
काका माझ्याकडं रोखून बघत होते. "फोटोत काय निघालं का?"
"फ्रॅक्चर नव्हतं, काका."
खरं आहे. पुरेसं नाही.
काका उठून गेले. रोज तिच्यासाठी रुमालात उकडलेली अंडी आणतात, ती पाइपवरच राहिली. प्र.नं उचलली, पळत जाऊन त्यांना गाठलं, आणि त्यांच्यासमोर उभं राहून दोन्ही खाल्ली. नुसतीच, मिठाशिवाय.

५ ऑक्टो.
सर तयार झाले, अर्धे. पहिला अर्धा तास चेंडू प्र.कडं, पुढं रिंगीखाली.
उजवीकडून सुरेख जाते. मान वर असते, म्हणजे चेंडूकडं बघत नाही, माणसांकडं बघते. हे शिकवून येत नाही. डावीकडून जायचं म्हटलं की चेंडू पायावर आपटतो.

१२ ऑक्टो., रवि.
जिंतूरच्या पोरींशी मॅच. हरलो, चांगलेच. डाव्या बाजूनं तिच्या हातातून पोरींनी चेंडू काढून नेला, पुन्हा पुन्हा.
काका मागं कडुलिंबाखाली उभे. पाइपवर आले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं: "वाटोळं करायलेत पोरीचं. रिंगीखाली असती तर एकटीनं जिंकून दिली असती."
आजच्या मॅचपुरतं बरोबर आहे. तेच वाईट.
रशीदभाई माझ्या शेजारी, हळू आवाजात: "डॉक्टरनी, आपुन गलत तो न्हाई ना?"
"माहीत नाही."
"हट्, तू तरी हो म्हण की."

१३ ऑक्टो.
सकाळी ड्यूटीच्या आधी कोर्टावर गेले. प्र. होतीच. उजवा हात पाठीमागं ओढणीनं बांधायला लावला, मग फक्त डावा. चिडली. चेंडू फेकून दिला. आणायला स्वतःच गेली.
जिंतूरची जीप चुकली. दवाखान्यात उशिरा. सबब सांगितली नाही.

२३ ऑक्टो., गुरु.
दिवाळी उरकली. काका पाइपवर परत आलेत. रशीदभाईंकडं पाठ करून बसतात, पण बसतात. अंडी चालू.
मोजणीची आठवण रशीदभाईंनी काढली. काका म्हणाले, "आता चाचणीतच मोजतील." चेहरा बघितला. काही कळलं नाही.

८ नोव्हें., शनि.
परभणी. प्र.च्या वडिलांची जीप, ते चालवायला. सर, काका, रशीदभाई, आई, मी, प्र. आईनं धपाटे आणले होते, वाटेत कुणीच खाल्ले नाहीत.

मैदान भरलेलं. निवडीला तिघं, त्यात एक बाई, करड्या केसांची, शिटी गळ्यात. दोरीच्या अलीकडं आम्ही. पलीकडं मोजमापाचा स्टीलचा स्टँड. प्र. एकशे बहात्तर सेंटीमीटर. बाईंनी मान वर करून बघितलं, खूश दिसल्या.
"पंधरावं ना? वडील कुठायत?" प्र.नं बोट केलं. वडील दोरीपाशी उभे, सगळ्यांच्या वर डोकं. बाई हसल्या. "मग हिची चिंताच नाही. अजून चार बोटं तर कुठंच जात नाहीत. रिंगीखाली लिही रे."
"न्हाई मॅडम," प्र. म्हणाली. आवाज साधा. "माझी वाढ थांबलीय. फोटो काढलाय, डॉक्टरांनी सांगितलंय. मी एवढीच राहणार. मी चेंडू आणते."

आमच्या बाजूला कुणी हललं नाही. काकांनी दोरी धरली होती, ती तेवढी ताणली गेली.

बाईंनी लगेच काही लिहिलं नाही. "असं कुणी स्वतःहून सांगत नसतं," म्हणाल्या. मग: "बरं. आण चेंडू."

दहा-बारा मिनिटं खेळवलं. दोन पास असे दिले की माझ्याच तोंडून आवाज निघाला. एकदा डावीकडून गेली आणि निभावलं. पुढच्या वेळी डावीकडूनच चेंडू गमावला, आणि तोही बाईंच्या अगदी समोर. परत येताना मान खाली नव्हती.
"कळवू," एवढंच सांगितलं. सगळ्यांनाच.

येताना जीपमध्ये. बोरी गाव गेलं. काका पुढच्या सीटवर. मागं न वळता:
"दीपा, तुला ठाऊक होतं."
"हो."
"अन् तिलाबी."
"माझ्या आधीपासून."
"मग मी मुरूम टाकला तवा..."
"मला बघवलं न्हाई काका तुमचं तोंड," प्र. मागून म्हणाली. "लय खूश होतात तुमी."
काका काचेतून बाहेर बघत राहिले. कापूस वेचणीची शेतं, मग बरीच वाट नुसतीच. वडिलांनी एकदा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गिअर टाकायला काढून घेतला.
जिंतूरचा फाटा आला तेव्हा काका घसा साफ करून म्हणाले, "पण त्या डाव्या हाताचं काय? हाय का कुनाला फिकीर?"
रशीदभाई: "मी तर पह्यल्यापासून म्हणायलोय..."
"तू कवा म्हणला? तू म्हणला बॉल द्या. कोणत्या हातात द्या ते म्हणला का?"
येलदरीपर्यंत तेच. आईनं धपाटे उघडले. एकही उरला नाही.

९ नोव्हें.
काही लिहिण्यासारखं नाही. चांगली झोप झाली.

१३ नोव्हें.
सरांनी केंद्राला फोन केला. यादी अजून नाही. उंच मुली भरपूर आल्या होत्या म्हणे. चेंडू आणणाऱ्या किती घेणार, ते सांगत नाहीत.
प्र. सकाळी कोर्टावर येतेच. मी नसले तरी. हे मला ड्यूटीला जाताना जीपमधून दिसतं.

१६ नोव्हें., रवि.
अजून नाही.

पाइपवर बाजू उलटल्यात. रशीदभाईंचा जीव खालीवर: "सच बोलून गेली पोरगी, मला अभिमान हाय, पन चुप ऱ्हायली असती तर आज नाव लागलं असतं." काका तापले. "दोन वर्षांनी हाकलून दिली असती मग? तवा तू गेला असता आणायला? घेतील तिला. त्या बाईनं बघितलंय." सर दोघांच्या मधे. त्यांच्या खिशातला फोन वाजला की तिघं एकदम बघतात. एकदा रिचार्जचा होता.

प्र. समोर डाव्या हातानं जात होती. सुटला. पुन्हा. या वेळी नाही सुटला.

काका माझ्याकडं वळले. "तू सांग. खरं सांग, लपवू नको आता. पुढं कुठवर जाईल ही?"
"माहीत नाही, काका."
"एवढी शिकलीस तरी?"
"याचा फोटो निघत नाही."
त्यांनी बराच वेळ ते तपासलं, मी खोटं बोलते का म्हणून. मग पाइपवर थोडे सरकले.
"मग उभी कामून हाय? बस हितं. बघू."