शेठच्या टाकीचे ढेकर

५ जानेवारी १९९८, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प आज लिहितोय, कारण वही आज मिळाली. यंदा एकच काम धरायचं आणि सोडायचं नाही. इच्छापोरच्या साइटवरचं सोडलं, कारण उन्हात उभं करत. लूमच्या खडखडाटाने कान दुखायचे, तेही सोडलं. योग्य काम असेल तर ते माणसाकडे चालत येतं. आलं.

पर्वत पाटिया भागात किरीटशेठचं ड्रेस मटेरियलचं दुकान. गादीच्या मागे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. वर मासे. खाली कपाटात दुसरी टाकी, तिच्यात नुसतं शेवाळ. वरचं पाणी पाईपने खाली उतरतं, शेवाळ ते साफ करतं, पंप परत वर फेकतो. खालच्या टाकीला रेफ्युजियम म्हणायचं. बसवणारा मुंबईचा माणूस एवढा शब्द शिकवून गेला तो गेलाच.

प्रॉब्लेम आवाजाचा. म्हातारा माणूस सकाळी चूळ घशात घोळवतो तसा तो पाईप करतो, आणि मधेच ढेकर. पाण्यासोबत हवा खाली जाते, थुंकीसारखा फेस होतो, त्यातले बारीक बुडबुडे पंपातून वर येऊन काचेला चिकटतात. मासा दिसत नाही, फेस दिसतो. शिसारी येते. शेठ हळूच भाव सांगत असतो आणि मागून घर्रर्र. एका व्यापाऱ्याने परवा विचारलं म्हणे, संडास आतच काढलाय का.

सुकलाल मामा पलसाण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये आहे. शेठचा माल तिथेच रंगतो, म्हणून मामाने माझ्यासाठी शब्द टाकला. २४ तारखेला इंदूरची पार्टी लग्नसराईचा माल उचलायला येणार. तोवर आवाज आणि फेस बंद केला तर टाकी सांभाळायला मी कायम. नाहीतर मामासोबत पलसाणा, धुलाई खातं. मी एकदा मामाला डबा द्यायला गेलो होतो. ती वाफ, तो रंगाचा नाला. दोन दिवस वरणसुद्धा गुलाबी दिसत होतं. तिथे मी मेलो तरी जाणार नाही.

६ जानेवारी
पूर्ण इन्स्पेक्शन केलं. शेवाळात कोपरापर्यंत हात घातला. आत काहीतरी वळवळलं. साबणाने तीनदा हात धुतले, तरी मामी ताटावर बसू देईना.

पण दोष सापडला. पाईपच्या वरच्या टोपणाला एक बारीक भोक आहे, त्यातून फुसफुस येते. मुंबईवाल्याने चुकून पाडलेलं दिसतं. पुट्टी लावून बुजवलं. फायनल.

८ जानेवारी
आता सतत आवाज येत नाही. पाईप बराच वेळ गप्प बसतो आणि मग संडासची साखळी ओढल्यासारखं सगळं पाणी एकदम खेचून घेतो. आज ते नेमकं एका गिऱ्हाईक बाईने चुडीदारचा पीस अंगाला लावून बघितला तेव्हा झालं. ती पीस ठेवून गेली.
तरी सुधारणा आहे. आधी दिवसभर होतं, आता अधूनमधून. शेठला हा मुद्दा समजावला. शेठ ओठ आवळून ऐकत होता.

१० जानेवारी
नवा प्लॅन. पाणी उंचावरून पडतं म्हणून फेस होतो. तर पाईप लांब करून थेट टाकीच्या तळाला टेकवला. साधी अक्कल.

संध्याकाळी
तळाला गाळ होता. हे कोणी सांगितलं नाही. हवेचा गोळा खालून सुटला आणि गाळ, शेवाळ आणि कसले तरी मेलेले किडे घेऊन वर उडाला. गादीची पांढरी खोळ गेली. वास म्हणजे सडलेलं अंडं मोज्यात बांधल्यासारखा. सगळं मला पुसायला लावलं. ज्याचं डोकं वापरायचं त्याला फडकं देणारे लोक.

१४ जानेवारी
उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग. टाकीचं काम गच्चीवरून होत नाही.

१५ जानेवारी
वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत. कालच्यासारखंच.

१६ जानेवारी
मांज्याने बोट कापलं. खाऱ्या पाण्यात हात घालणं डॉक्टरी दृष्टीने चूक. आज फक्त विचार केला. विचार करता करता कोपऱ्यावरच्या लखनच्या टपरीवर कॅरम झाला.

१९ जानेवारी
शेठने हिशेबातून मान वर न करता सांगितलं, “हिलाल, तारी टांकी मारा करतां वधारे बोले छे.” म्हणजे टाकी त्याच्यापेक्षा जास्त बोलते. माणसं हसली. मीही हसलो, दिलदारपणे.
घरी मामाने नुसतं विचारलं, चप्पल कितीची लागते, धुलाई खात्यात रबरी बूट घालावे लागतात.

२० जानेवारी
सापडलं. सकाळी नूतन, मामाची पोरगी, चहा गाळत होती. सगळा फेस गाळणीत, खाली कपात बुडबुडा नाही. म्हणजे पाईपच्या तोंडाला कापडाची पिशवी बांधायची. फेस पिशवीत अडकेल, पाणी गुमान झिरपेल. मुंबईवाल्याला हे सुचलं नाही, कारण तो चहा स्वतः करत नसणार.
कापडही घरातच. मामाने शेठच्याच लॉटमधला कॉटनचा कटपीस आणलेला, झगझगीत राणी कलर. मामी उशीचे अभ्रे शिवणार होती. तिने पिशवी शिवून दिली, पण तोंडाचा पट्टा थांबला नाही, “तुना हातमा एक काम टिकत नही, रे भाऊ.”
नूतन म्हणाली, “आधी धुई ले. नवा कपडा शे, रंग जाई.”
हसू आलं. बापाचं अर्धं आयुष्य रंगात गेलं आणि पोरीला एवढं माहीत नाही. कॉटन रंगवताना मामाकडे पोत्यांनी मीठ ओततात, मिठामुळेच कापड रंग धरतं. टाकीत काय आहे? मीठच. उलट रंग आणखी पक्का होईल. तिला समजावलं. ती कप विसळत राहिली.

२२ जानेवारी
पाईप परत आखूड केला, पिशवी बांधली. टोपणाच्या भोकातली पुट्टी गळून पडलेली दिसली. आता पिशवी आहे, पुट्टीची काय गरज.
आवाज बंद. पूर्ण. कान लावला तर पंपाची बारीक घरघर, बाकी काही नाही. पिशवीने करून दाखवलं. फेसही नाही. शेठ दोनदा मागे वळून बघून गेला.

२३ जानेवारी, दुपारी
पाण्यात हलकी गुलाबी झाक आहे. शेजारच्या दुकानाच्या बोर्डाचा उजेड पडत असावा.
शेठने आज चहा मागवताना माझाही मागवला. उद्या पार्टी गेली की कायमचं बोलणं. मामाला सांगितलं, बूट बघू नको.

२४ जानेवारी
बोर्डाचा उजेड नव्हता.
सकाळी टाकी रोझ सरबत झाली होती. शेठला आधी वाटलं मी पार्टीसाठी रंगीत लाईट लावली. पाठीवर हात ठेवला. मी हात पाठीवर राहू दिला.
इंदूरच्या पार्टीचे दादाजी गादीवर बसले. समोर राणी कलरचा तागा उलगडलेला, शेठ रंगाची गॅरंटी देत होता. दादाजी टाकीकडे बघत उठले. मग रंग कुठून येतो ते बघायला खालचं कपाट उघडलं. पिशवी पिळून हातात घेतली आणि ताग्याशेजारी धरली. तेच कापड. हात मनगटापर्यंत लाल.
दुकानात एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. पाईपने एक ढेकर दिला असता तरी बरं वाटलं असतं.
दादाजी म्हणाले, “किरीटभाई, आपका रंग तो मछली को भी लग गया.”
खरंच, पांढरा मासा पांढरा नव्हता.
सगळा माल नाकारला. शेठने माझ्यासमोरच मामाला फोन लावला.

२५ जानेवारी
मामा दुपारी घरीच बसून होता. माल परत पलसाण्याला गेला, घाईत धुलाई अर्धी ठेवली म्हणून तिथल्या मालकाने मामालाच सर्वांसमोर झापलं. पुन्हा सगळा धुवून द्यायचा.
मी म्हटलं, माझ्यामुळे निदान दोष लवकर तरी कळला. मामाने कोपऱ्यातले रबरी बूट माझ्याकडे सरकवले.
“आते तूच धोय,” म्हणाला.

२७ जानेवारी, पलसाणा
बूट एक नंबर लहान. हौदात राणी कलर, नाल्यात राणी कलर, नखांत राणी कलर. डबा उघडलाच नाही.
हौदाचं पाणी नाल्यात पडतं तिथे प्रचंड आवाज आणि हा एवढा फेस. दोन मिनिटांत दोष ओळखला. मुकादमाजवळ जाऊन सांगितलं की हे मी बंद करू शकतो.
त्याला ऐकू गेलं नाही. परत ओरडून सांगितलं. त्याने माझ्या हातात आणखी एक तागा दिला.