तेहतीस सालचं नाताळगीत

३ डिसेंबर
जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणला. सोबत नाताळगीतांच्या पाच रेकॉर्डी. संग्रहाचा श्रीगणेशा! प्लेअरवर १६, ३३, ४५, ७८ असे आकडे, आणि बटण ३३वर. म्हणजे मशीन १९३३ सालचं. विकणाऱ्याला पत्ताच नाही.
उत्तरा म्हणाली, "आणि आता जेवायचं कुठे? टेबलावर हे धूड!" बायकोशी वाद घालून आजवर कुणी संशोधक झालेला नाही. ताट मांडीवर घेऊन जेवलो.

५ डिसेंबर
चार रेकॉर्डी नुसत्या खरखरतात. पाचवी मात्र रत्न! कव्हरवर घंटा, तारा, बर्फातलं झाड. आतल्या रेकॉर्डचं लेबल झिजलेलं. लावली. धीरगंभीर पुरुषी आवाज. शब्द कळत नाहीत, म्हणजे लॅटिन. डोळे मिटले आणि अंगावर काटा आला. चाल ओळखीची! चौथीत गुरुजी बाकावर पट्टी आपटत शिकवायचे, ती खारीची कविता:
चपळ खार ही तुरुतुरु जाई,
शेंग मिळे ती लपवून खाई.
तीच चाल, फक्त संथ. खिडकीतली चिंच, शाईचा वास, सगळं आठवलं.
उत्तरा म्हणाली, "पाद्रीबाबांना झोप आलीय." हसू दे.

८ डिसेंबर
सिद्धांत तयार. कुणी गोरा पाद्री पंचवटीत आमच्या शाळेवरून गेला, चाल ऐकली, मायदेशी नेली. नाताळगीताचा उगम नाशकात! मशीन ३३चं आणि मी चौथीत ५७ साली, एवढं एक जुळत नाही. तारखांचं नंतर बघू.
उद्यापासून पहाटे पाचला उठून निबंध लिहायचा.

९ डिसेंबर, सकाळी ९.४०
फार थंडी. उद्यापासून.

१५ डिसेंबर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष खंडेराव आले. दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. रेकॉर्ड ऐकवली. म्हणाले, "अण्णा, लय खोल आवाज हाय. आमची म्हैस आठवली." कानच नाहीत. तरी २४ला माझं व्याख्यान ठरवून गेले.
उत्तराची अट: व्याख्यान पडलं तर मशीन माळ्यावर. लगेच कबूल केली. पडणार असतं तर केली असती का?

२३ डिसेंबर
निबंधाचं शीर्षक झालं. बाकी उत्स्फूर्त बोलेन.
उत्तरा प्लेअर पुसताना सापडली. ओरडलो, अँटिक आहे, हात लावू नकोस! म्हणाली, "चार लोकांत नेताय, धूळ तरी काढू द्या. बटणात काय मळ बसलाय!"

२४ डिसेंबर, संध्याकाळ
हॉल भरलेला. पाहुणे म्हणून चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे सुनील साळवे. मी म्हणालो, "आता ऐका, ३३ सालच्या मशीनवर अस्सल लॅटिन." सुई ठेवली.
एक चिरकी पोरगी, स्वच्छ मराठीत: "चपळ खार ही तुरुतुरु जाई..."
बटण ७८वर होतं.
साळवे हळूच म्हणाले, "आमच्यात हे म्हणत नाहीत हो." हसून हसून खंडेराव आडवे पडायचे बाकी होते. "अण्णा, ते साल नाय, स्पीड हाय! पन तुमचं लॅटिन मला समजाया लागलं!" मग अख्खा हॉल टाळ्या वाजवत खारीची कविता म्हणाला. वन्स मोअरसुद्धा. साळव्यांनीही सूर धरला.

२५ डिसेंबर
वन्स मोअर मिळाला, म्हणजे व्याख्यान पडलं नाही, असं उत्तराला पटवून पाहिलं. म्हणाली, "वन्स मोअर खारीला होता. तुमचा नाताळ म्हणजे ना ताळ, ना तंत्र."
चाल जुळते, हे मात्र शंभर टक्के सिद्ध झालं.
दुपारी माळ्याला शिडी लावली. वर मी, काखेत मशीन. खाली शिडी धरून उत्तरा.
म्हणाली, "हं, चढा. तुरुतुरु."