आईला वाकामात्सुहून हलवताना

३ ऑक्टोबर, दुपार
वाकामात्सुला पोचलो. आई ब्याऐंशीची, एकटी, आणि घर बंदरावरच्या त्या जीवघेण्या चढावर. तिला सायतामाला आमच्याकडे न्यायचं पक्कं केलं आहे. रिटायर झालोय, वेळच वेळ. रविवारी परत. निघताना चिनात्सु म्हणाली, अहो, मुळीच घाई करू नका. बायको असावी तर अशी.

४ ऑक्टोबर
विषय काढणार, तोच आई म्हणाली, खाऱ्या वाऱ्याने भिंतीचे पोपडे निघालेत, जरा रंग दे. दिला. घर विकायचं तर रंग हवाच. तिला पटत चाललंय.

५ ऑक्टोबर
पाठ धरली. तरी विषय काढलाच. आईने विचारलं, इथून लाल पूल दिसतो, तुझ्याकडे खिडकीतून काय दिसतं? म्हटलं, पार्किंग. चुकलंच. बाग म्हणायला हवं होतं.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
नवा प्लॅन. आईला फेरीने पलीकडे तोबाताला नेलं. म्हटलं, बघ, केवढे कारखाने होते, आता किती धुराडी उरली? गावात राम राहिला नाही. ती म्हणाली, बरं झालं बाई, तुझे शाळेचे शर्ट वाळत घातले की काळे व्हायचे. फेरीवरच्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हाच का तो? आईने मान हलवली. गावात नाव आहे अजून माझं.

८ ऑक्टोबर
रविवार गेला. मासळीवाली कुरोइवाबाई म्हणाली, राहताय ना आता, रोज दोन तारल्या जास्त ठेवते. मी ठणकावलं, राहत नाही, आईला नेतोय. बाई खोकला लागेपर्यंत हसली. अडाणी.

११ ऑक्टोबर, सकाळ
वैतागून चिनात्सुला फोन केला. आई ऐकत नाही, उद्या एकटाच निघतो. मग म्हणाली, अहो, रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर माझ्यामागे फिरून दिवे बंद करता. मी भाजी चिरतानासुद्धा. मीच आईंना विनवलं, नववर्षापर्यंत ठेवून घ्या म्हणून.

आईला जाब विचारला. म्हणाली, सून रडत होती रे. नाही कसं म्हणू? मलाही तू जडच जातोस, शिगेकी, पण पोटचा आहेस.

एवढं बोलून जाड रजई उन्हात टाकायला गेली. माझ्यासाठी.

वयस्क माणसाने एकटं राहू नये, हा माझा मुद्दा मात्र सगळ्यांनी मान्य केला.