डोक्यातला चोकअप

३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास खाल्ला. म्हणे मेंदूच्या पेशींत प्रोटीनच्या गुठळ्या साचतात, सूज येऊन पेशी मरतात, म्हणून हात थरथरतो. पार्किन्सन्स. एवढंच ना? चोकअप! अडतीस वर्षं लोकांची तुंबलेली बेसिनं मोकळी केली, स्वतःचं डोकं नाही होणार? गोळ्या ड्रॉवरमध्ये. बायको म्हणाली, अहो, आधी गोळी घ्या, मग अक्कल चालवा.

४ मार्च
अंडी, दूध, मासे बंद. मेन व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय कामाला हात लावू नये. नुसता भात खाल्ला. संध्याकाळी अंडं खाल्लं. एकच. उकडलेलं.

५ मार्च, सकाळी ६
सुजेवर बर्फ. पिशवी टोपीखाली. बायको म्हणते, गळताय. गळणारच, सूज उतरतेय.

६ मार्च
धंद्यात मुलगी माझ्याबरोबर असते. म्हणाली, बाबा, शनिवारी शाळेतले नऊ नळ मी एकटी बसवते. एकटी? मी काय भिंतीवरचा फोटो आहे? पैज लावली. पहिला नळ मी बसवणार. गळला तर हत्यारांची पेटी आणि धंदा तिचा. बायको साक्षीदार. जरा जास्तच खूश दिसली.

७ मार्च
पाय सोफ्यावर, डोकं जमिनीवर, दहा मिनिटं. गाळ उताराला लागायला हवा. उठताना चक्कर आली. म्हणजे हलला.
मुलीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, गुठळ्या नळीत नसतात, पेशीच्या आत असतात. मीही आतलाच गाळ हलवतोय, बाहेरून थोडाच धुतोय?
अक्षर फार बारीक येतंय. बरंय, कागद कमी लागतो.

८ मार्च
नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळायला अकरा मिनिटं. निम्मी बोटांना. नळ बसवला, पाणी सोडलं. नळ उडून मुख्याध्यापकांच्या पायाशी, पाणी छताला. मुलीने मेन बंद केला, लादी पुसली, नऊ नळ बसवले. पैजेचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

९ मार्च
पेटी दिली. गोळी घेतली. घरात शांतता हवी म्हणून.

२४ मार्च
गोळ्या चालू. हात जरा बरा. मुलीबरोबर कामाला गेलो. गिऱ्हाईक बाई माझ्याकडे बघून तिला म्हणाल्या, हेल्पर बराच वयस्कर ठेवलाय.
ती म्हणाली, नवीन आहेत, शिकतील.
मी दोन्ही हातांनी पाना धरून उभा होतो. तिने मागितला तेव्हा दिला.