ठेक्यात येणारा चेंडू

४ जानेवारी १९५४

नवी डायरी. संकल्प एकच: तुळशीरामला टेबल टेनिसमध्ये हरवणे. बाकीचे संकल्प पुढच्या वर्षी.

तुळशीराम म्हणजे आमच्या पनवेलातल्या भातगिरणीचा मालक. गालात पान, अंगात बनियन. क्लबात बनियनवर खेळतो! मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो, इस्त्रीचा शर्ट घालून खेळतो, आणि वर्षभर तोच जिंकतो आहे. काल हरवून वर सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुमी बॉलाला नाय, वाऱ्याला मारताव." सगळे हसले. सेक्रेटरीसुद्धा. सेक्रेटरीला लक्षात ठेवले आहे.

आजपासून तुळशीरामशी बोलणे बंद.

६ जानेवारी

सापडले! वाण्याने साबण ज्या कागदात बांधून दिला तो एका इंग्रजी मासिकाचा निघाला. त्यात लिहिले आहे की मेंदूत विजेच्या लाटा असतात. डोळ्यांपुढे दिवा एका ठेक्यात लुकलुकवला की मेंदूही त्या ठेक्याला लागतो. पुढचे पान वाण्याकडेच राहिले, पण पुढचे मला आपोआप कळले. गोष्ट ठेक्यात आली तर मेंदू आधीच तयार असतो. म्हणजे ती लवकर दिसते. टेबल टेनिस म्हणजे तरी काय? टक-टक, टक-टक.

बिचारा तुळशीराम. (तोंडाने बोललो नाही. बोलणे बंदच आहे.)

७ जानेवारी

नववीच्या वर्गात प्रयोग. पुठ्ठ्याच्या फटीतून अक्षरांची कार्डे झटपट दाखवली. आधी डस्टरच्या ठेक्यावर, मग मनाला येईल तशी. ठेक्यावर बहुतेकांनी अक्षरे बरोबर लिहिली. ठेका मोडल्यावर नुसता गोंधळ. सिद्ध!

मग स्वतः मागच्या बाकावर बसलो आणि गणू शिपायाला कार्डे दाखवायला लावली. एकही वाचता आले नाही. गणूला कार्ड धरता येत नाही. तसे सांगितले तर म्हणतो, "सायेब, सरलच धरलाय." उद्धट माणूस. हेडमास्तरांनी डोक्यावर चढवून ठेवला आहे.

९ जानेवारी

घरी सराव सुरू. दोन ट्रंकांवर दाराची फळी, समोर भिंत. चंद्रावतीला तांब्या आणि पळी दिली. तिने ठेका धरायचा, मी खेळायचे. मध्येच म्हणाली, "अहो, दूध उतू चाललंय." म्हटले, ठेका चुकवू नकोस. दूध उतू गेले. रात्री बिनदुधाचा चहा दिला. संशोधकांच्या बायकांना सोसावे लागतेच.

१२ जानेवारी

अपूर्व यश. ठेका चालू असताना एकही चेंडू चुकत नाही. डोळे मिटून मारून पाहिला, तरी लागला! नजर इतकी तेज झाली आहे की बघण्याची गरजच उरलेली नाही.

१५ जानेवारी

क्लबात गेलो आणि जाहीर केले: सव्वीस जानेवारीच्या सामन्यात हरलो तर क्लब कायमचा सोडीन. जिंकलो तर 'दृष्टी आणि ठेका' या विषयावर माझे व्याख्यान, आणि ते तुळशीरामने पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. तो म्हणाला, "लिवून देताव?" दिले. (बोललो नाही. सेक्रेटरीमार्फत दिले.)

घरी सांगितले. चंद्रावती म्हणाली, "क्लब सोडलात तर संध्याकाळी कुठे जाल?" म्हटले, तू माझी काळजी करू नकोस. म्हणाली, "मी माझी करतेय."

२० जानेवारी

पेणला जायचे होते, उरणला पोचलो. एस.टी.च्या पाट्या रंगवणाऱ्याला अक्षर ओळखता येत नाही. तक्रारअर्ज करणार.

बाजारात हेडमास्तरांना नमस्कार केला. ते हेडमास्तर नव्हते. पण मग त्यांच्यासारखा कोट कशाला घालावा? खरे हेडमास्तर शेजारीच उभे होते. त्यांना वाटले, मी मुद्दाम टाळले. वाटू दे.

२६ जानेवारी, सकाळी

झेंडावंदन झाले. व्याख्यानाचे टाचण तयार. तुळशीराम मध्ये खोकला तर काय बोलायचे तेही लिहून ठेवले आहे.

२६ जानेवारी, रात्री

जे झाले ते लिहितो. कोणीतरी खरे लिहिले पाहिजे.

चंद्रावती तांब्या-पळी घेऊन माझ्या बाजूला बसली. सेक्रेटरी हरकत घेणार होता, पण तुळशीरामच म्हणाला, "वाजवू दे वयनींना, आमाला बी गंमत." पहिला गेम मी जिंकला! टाळ्या पडल्या. पळीचा ठेका, त्यात येणारा चेंडू, आणि मी. नकळत तोही ठेक्यावरच खेळत होता.

दुसऱ्या गेमआधी तो बाहेर जाऊन पान थुंकून आला आणि चेंडू कसाही मारू लागला. एक रेंगाळत, एक सणकून, एक जाळीपाशी मेल्यासारखा. माझी बॅट वेळेवर जाई, चेंडू मागाहून येई. तो ओरडला, "मास्तर, बॉल येऊ तर द्या!" लोक बाके बडवू लागले, त्यात पळी ऐकू येईना. तो गेम गेला. तिसराही गेला. याला खेळ म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. तसे स्पष्ट सांगितले. (बोलणे सुरू करावे लागले.)

तो जवळ आला नाही. टेबलाच्या त्या टोकावरूनच त्याने विचारले, "मास्तर, ही बोटा किती?" रागाने म्हटले, तीन!

त्याने हात वर केलाच नव्हता म्हणे. त्याच्या मागे भिंतीवर तीन झेंडे लावले होते.

घरी येताना चंद्रावतीने माझा दंड धरला. रस्त्यात कधी धरत नाही.

२८ जानेवारी

सकाळी दारात तुळशीरामची लॉरी. "बसा. डोल्यांच्या डॉक्टरकडं." म्हटले, माझे डोळे उत्तम आहेत. चंद्रावतीने आतून माझ्या चपला आणून लॉरीत टाकल्या.

डॉक्टर म्हणाले, समोरच्या तक्त्यावरचे वाचा. मी विचारले, कोणता तक्ता? डॉक्टरांनी तुळशीरामकडे पाहिले, तुळशीरामने जमिनीकडे. मग डॉक्टर म्हणाले, "अहो, इतके दिवस खेळत कसे होतात?" म्हटले, ठेक्यावर. तर म्हणतात, "मग तुम्ही चेंडू पाहतच नव्हता. ऐकत होता. ठेक्याने पुढचा अंदाज येतो, पण ठेका मोडला की बघावेच लागते." या माणसाने विलायतेत शिकून हे मिळवले! चष्म्याचा नंबर मोठा आहे. तो मुद्दाम वाढवून सांगितला असणार.

२ फेब्रुवारी

लिहून दिल्याप्रमाणे पाठवलेला राजीनामा क्लबाने परत पाठवला. तुळशीराम सभेत म्हणाला म्हणे, "मास्तर गेलं तर मी हरवू कोनाला?" हा घोर अपमान आहे. उद्यापासून क्लबात जाणार.

५ फेब्रुवारी

चष्मा आला. गावात पाट्या बऱ्याच आहेत. चिंचेला पाने सुटी सुटी असतात.

संध्याकाळी तुळशीरामशी सामना. आता ठेका नको, पळी नको, चंद्रावतीही नको. उघडा डोळा आणि शुद्ध शास्त्र. तिला सांगून निघालो की आज निकाल लावूनच येतो. ती म्हणाली, "सावकाश या."

एकवीस-तीन. इतका वाईट कधीच हरलो नव्हतो. पण सगळे स्वच्छ दिसले. तुळशीरामच्या दातांत अडकलेला सुपारीचा तुकडा दिसला. शेवटचा चेंडू बॅटीजवळून गेला, तेव्हा त्याच्यावरचे कंपनीचे नावही वाचता आले.