न वाजणारा जिना

॥ श्री ॥
भाईंदर (पश्चिम), ता. ७ मार्च १९७१

ती. सौ. सुगंधाताईस धाकटा भाऊ महिपत याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे तसे ठीक नाही. माडीची खोली पुरी झाली, पण वर जायला अजून बांबूची शिडीच आहे. जिना कशाचा करायचा, यावर घर अडले आहे.

आईला लाकडी हवा. उत्तनचा मामा मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या देतो आहे. आई म्हणते, लाकूड करकरते, म्हणजे कोण वर गेले, कोण खाली आले, ते अंथरुणातूनही कळते. आनंदीला नेमका त्याच कारणासाठी तो नको. तिला सिमेंटचा हवा. मी तिला आईदेखत विचारले की, जिना वाजला तर तुझे काय बिघडते? तर परात आपटून ती आत गेली आणि काल काशीगावला माहेरी निघून गेली. जिना ठरेपर्यंत येणार नाही, असा निरोप आहे. ताई, मला झोप नाही.

मिस्त्री म्हणतो, लोखंडका गोल बनाव, जगह कम लगेगा. तसला एक मी एका दुकानात चढून पाहिला. वर पोचल्यावर तोंड कुठे आणि पाठ कुठे, तेच कळेना.

सल्ला ताबडतोब कळव. मागच्या पत्रात तू 'जीना' लिहिलेस. त्यातला 'जि' ऱ्हस्व. राग नसावा. भावजींना नमस्कार.

तुझा गोंधळलेला,
महिपत


रेवदंडा, ता. १२ मार्च १९७१

चि. महिपतास अनेक आशीर्वाद.

तुझे ऱ्हस्व-दीर्घ पक्के, अक्कल तेवढी कच्ची. अरे, लग्न झाल्यापासून तुम्ही दोघे पडद्याच्या अलीकडे आणि आई पलीकडे. आता कुठे हक्काची खोली होते आहे, तर तिचा जिना दवंडी पिटणारा! आणि हे तू आईदेखत विचारलेस? तुझ्या भावजींना हसून हसून ठसका लागला.

सिमेंटचाच कर. गोल नको, आनंदीचे कपाट वर जाणार नाही. पण आईवरही रागावू नकोस. बाबा गेल्यापासून ती खोलीत एकटी कधी झोपलेली नाही. घरात कोणी जागे आहे, एवढेच तिला कळायला हवे असते. पाडव्याला येऊन मी तिच्याशी बोलते. तोवर तू गप्प राहा. जमेल ना?

अक्षर जपतोस तशी बायकोही जप.

तुझी ताई


॥ श्री ॥
भाईंदर (पश्चिम), ता. २० जुलै १९७१

ती. सौ. सुगंधाताईस महिपतचा सा. न. वि. वि.

पाडव्याला तू आईच्या कानात काय सांगितलेस, कोण जाणे. मामाच्या फळ्या तिनेच परत पाठवल्या. सिमेंटचा जिना झाला, वर तांबडी लादी बसवली. आनंदी आली, कपाट वर गेले. पाऊल अजिबात वाजत नाही. वर जाताना मी एकदा खोकायचे, एवढ्यावर आईने तडजोड केली.

आता खरी बातमी. आनंदीला दिवस गेले आहेत. शेजारच्या हौसाबाईंनी तसे सांगितले मात्र, आईने तिला जिना चढायची बंदी केली आणि तिचे अंथरूण आपल्याशेजारी घातले. मला वाटले, आनंदी भांडेल. ती तर उशी काखेत मारून हसत खाली गेली! दोघी दिवा मालवून कुजबुजतात, खिदळतात. मी वरून काय झाले म्हणून विचारले की गप्प. मीही खाली येऊ का म्हटले, तर आई म्हणाली, मग माडी काय भाड्याने द्यायची?

जिना उत्तम झाला आहे. चढायला मी एकटाच आहे.

आनंदीचा सगळा लोभ सध्या आईकडे गेला आहे. तुझा तेवढा माझ्यावर राहू दे.

तुझा,
महिपत