पन्नास पौंडांची ओढ

९ ऑगस्ट

अख्खी दुपार लायलच्या धनुष्यांच्या दुकानात. दोन धनुष्यं समोर ठेवली त्यानं. दोन्ही कंपाउंड, टोकांना कप्प्या असलेली, दोन्ही महागडी. एक शिकारीचं – आखूड, हलकं, मचाणावर फांद्यांत कुठं अडकणार नाही असं. बाण सुटला की सुटला! दुसरं निशाणाचं – लांबलचक, हाताला जड, पण काय स्थिर! नेमाची पिन फोमच्या हरणाच्या छातीवर ठेवली की तिथंच राहते. ज्याच्या उजव्या खांद्यात ताकद उरली नाही त्यानं खरं तर हेच घ्यावं.

"व्हर्लिन, खरं सांगू? हे लांब ने," लायल म्हणाला. "अंगणात मजेत बाण मार."

"अंगणात बायको कपडे वाळत घालते," मी म्हटलं.

शिकारीचंच घेतलं. दोरीची ओढ पन्नास पौंडांवर बसवून घेतली. कधीकाळी सत्तरची ओढायचो! दोरी खेचताना कप्प्या फिरेपर्यंतच काय तो जोर लागतो, एकदा फिरल्या की भार उतरतो. त्या फिरायच्या आधीच माझा खांदा लटपटतो हल्ली.

१० ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्नायू सुकत जाणार. उजवा हात आधी, मग बाकीचं. औषध नाही. "किती वेगानं, ते तुमचं तुम्हालाच कळेल."

कळायला धनुष्य आहेच. पन्नास ओढता येतंय तोवर आजार जागच्या जागी आहे. नाही आलं की संपलो. बायकोला, आर्डिसला, हे बोलून दाखवलं. ती भांडी घासत होती. वळून बघितलंसुद्धा नाही तिनं.

२३ ऑगस्ट

शर्टाची बटणं आर्डिसनं लावली. यापेक्षा मेलेलं बरं.

४ सप्टेंबर

बाण खाली लागतायत. छातीऐवजी थेट पायात. हात कापतो, दुसरं काय! पिन थोडी खाली सरकवली, मग नीट लागायला लागले. आता हेही आलं नशिबी.

पण एक गोष्ट – ओढ जड वाटत नाही. उलट गेल्या आठवड्यापेक्षा सोपी! लिहायलाही भीती वाटते, पण डॉक्टरीणबाई चुकल्या असतील तर?

आर्डिसला अंगणात बोलावलं. "बघ, पन्नास! अजूनही!"

"बघतेय ना," ती म्हणाली. "चल, जेवण निवतंय."

१३ सप्टेंबर

शुक्रवारचा तळलेला मासा खायला गेलो होतो. शेजारचा ऑर्विल सुरू झाला – "क्रॉसबो घे की लेका! आधीच ताणून ठेवायचं, बसल्या बसल्या घोडा दाबायचा. तुझी आजीसुद्धा मारेल हरण!"

"मग आजीलाच दे," मी म्हटलं. सगळे खो खो हसले. कप मी दोन्ही हातांनी धरला होता. कुणी पाहिलं नाही. किंवा पाहिलं आणि बोलले नाहीत.

२ ऑक्टोबर

मचाणावर चढताना आर्डिसनं खालून आधार दिला, मग ती गाडीत जाऊन बसली. उजाडता उजाडता हरणाची मादी आली. अगदी जवळ, आडवी उभी. ओढलं, कप्प्या फिरल्या, सोडलं. नेम चोख – पण बाण आरपार गेलाच नाही! अर्धासुद्धा शिरला नाही. बाण अंगात लटकत ती पळाली.

दोघांनी दिवसभर माग काढला. दलदलीपाशी रक्ताचे थेंब संपले. कुठंतरी पडून ती तडफडत मरेल, माझ्या हातून. आयुष्यात एकही जनावर असं सोडलं नव्हतं मी. आर्डिस पाचोळ्यात बसून रडली. हरणासाठी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

धनुष्य लायलच्या टेबलावर आपटलं. "भिकार माल विकलास मला!"

त्यानं वजनकाट्याला अडकवून दोरी खेचली. अडतीस पौंड.

"पिन कुठं आलीय बघ," तो म्हणाला. "बाण खाली पडायला लागला की पिनला हात लावायच्या आधी ओढ मोजायची, हे मला कुणी शिकवलं? तूच ना?"

मीच. आणि मीच मोजली नाही. मनातून घाबरलो असणार.

ओढ अशी उतरते ती धनुष्याच्या पात्यांचे दोन्ही बोल्ट सैल केल्यावरच. कुणी केले? लायल म्हणाला, "आर्डिस विचारायला आली होती. वरचा-खालचा सारखाच फिरव, एवढंच सांगितलं मी. तू दुपारी झोपायचास तेव्हा सैल करायची. शिकारीला जायच्या आत तुला सांगते म्हणाली होती. तिला धीर झाला नसेल रे."

म्हणजे डॉक्टरीणबाई चुकल्या नव्हत्या. मी महिनाभर बरा होतो, तो आर्डिसनं बोल्टवर फिरवलेल्या एलन कीमुळे.

४ ऑक्टोबर

तिच्याशी बोललो नाही. बोल्ट आवळले, पुन्हा पन्नास. ओढायला गेलो. दोरी अर्ध्यावरही आली नाही. शेडमध्येच बसून राहिलो. रागवावं तरी कुणावर?

५ ऑक्टोबर

शिकारीचं धनुष्य लायलला परत दिलं, लांब निशाणाचं आणलं. जड आहे, पण धरायचा डावा हात अजून शाबूत आहे. जंगल संपलं माझं. ऑर्विलला मचाण उतरवायला सांगितलं. एकही विनोद न करता "बरं" म्हणाला, तेच जास्त लागलं.

९ ऑक्टोबर

नवं धनुष्यही ओढवेना. एलन की आर्डिसच्या हातात दिली. म्हटलं, "सैल कर. पण माझ्यासमोर. आणि फेरे मोठ्यानं मोज."

तिनं की वरच्या बोल्टला लावली. मग मोजायला लागली.